वृद्ध, बहुव्याधिग्रस्त रुग्ण आणि जलव्यायाम : चिकित्सापत्रात स्थान हवे

आपल्या चिकित्सालयात येणारा साठीपुढचा रुग्ण आता क्वचितच एकच व्याधी घेऊन येतो. जानुसंधिगत वात हे येण्याचे निमित्त असते. नाडी पाहता पाहता व जुने कागद चाळता चाळता मधुमेह, रक्तदाब, स्थौल्य आणि पुष्कळदा जुना श्वास हेही समोर येतात. २०१७-१८ मध्ये झालेल्या भारतीय वार्धक्यविषयक दीर्घकालीन पाहणीतही साठ वर्षांवरील सुमारे चारपैकी एका व्यक्तीस एकाहून अधिक जुनाट विकार असल्याचे आढळले होते. अशा रुग्णाची आधुनिक औषधे चालू असतातच. त्यांत आपण एखादा गुग्गुळकल्प, एक क्वाथ, बाह्योपचारार्थ तेल आणि रात्रीचे चूर्ण यांची भर घालतो व चिकित्सापत्राच्या तळाशी लिहितो : ‘पथ्य पाळावे, व्यायाम करावा.’

क्वाथाचे प्रमाण, काल व अनुपान काटेकोरपणे लिहिणारा वैद्य व्यायामाच्या बाबतीत मात्र इतका सैल का होतो, हा प्रश्न प्रस्तुत लेखकास बरीच वर्षे पडलेला आहे. कोणता व्यायाम, किती वेळ, कोणत्या काली, कोणती लक्षणे दिसताच थांबावे, यांपैकी काहीही त्या चार शब्दांत नसते. रुग्ण बिचारा त्याचा अर्थ ‘चालणे’ असा घेतो. आठ दिवस चालतो, गुडघा सुजतो, चालणे बंद पडते. चालणे बंद झाले की मेद वाढतो, रक्तशर्करा वाढते, मांडीचे स्नायू क्षीण होतात आणि गुडघ्यावरचा भार आणखी वाढतो. पुढच्या भेटीत आपण एक गोळी वाढवतो. हे चक्र ओळखीचे नाही असे म्हणणारा वैद्य विरळा.

अशा रुग्णासाठी छातीपर्यंतच्या पाण्यात उभे राहून करावयाचा व्यायाम हा आज सर्वांत साध्य असा मार्ग आहे, आणि त्याची योजना वैद्याने मात्रा, काल व निषेध यांसह स्वतः लिहून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘जलव्यायाम’ हा शब्द मी येथे पोहणे या अर्थाने वापरत नाही. पाय तळाला टेकलेले, डोके पाण्याबाहेर आणि हात कठड्याच्या आवाक्यात, अशा स्थितीतील चालणे व अवयवांच्या हालचाली एवढाच त्याचा अर्थ. पोहता न येणाऱ्या माणसालाही तो करता येतो, आणि आपल्या वृद्ध रुग्णांत, विशेषतः स्त्रियांत, पोहता न येणारेच अधिक.

या मताला आपल्याच बांधवांकडून येणारा पहिला आक्षेप शास्त्राचा असतो व तो हलका नाही. वाग्भटाने दिनचर्येत व्यायाम वर्ज्य करावयाच्या व्यक्ती सांगताना वातपित्ताचे रुग्ण, बालक व अजीर्णी यांच्याबरोबर वृद्धाचाही स्पष्ट उल्लेख केला आहे. मग साठीपुढच्या संधिवाताच्या रुग्णास व्यायाम कसा सांगावा? येथे आचार्यांच्या व्याख्या शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. सुश्रुताच्या मते शरीराला आयास उत्पन्न करणारे कर्म म्हणजे व्यायाम. चरक मात्र स्थैर्य देणारी, बल वाढविणारी अशी इष्ट शरीरचेष्टा म्हणजे व्यायाम असे सांगतो आणि ती मात्रेनेच करावी अशी अट घालतो. वाग्भटाचा निषेध ज्या प्रकरणात येतो तेथेच अतिव्यायामाने होणारे तृष्णा, क्षय, प्रतमक, रक्तपित्त इत्यादी विकार आणि हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाचा दृष्टांत येतो. त्याच्यासमोर दंड, जोर, कुस्ती असा आयासप्रधान व्यायाम होता, असे मानण्यास भरपूर जागा आहे. शिवाय व्यायाम सांगताना वय, बल, शरीर, देश, काल व आहार यांचा विचार करावा, असे सुश्रुतच सांगतो. वयाचा विचार करावयास सांगणारा आचार्य वयस्कांना सरसकट वगळत नाही. आणि वृद्ध तरी कोणास म्हणावे? चरकाच्या गणनेत साठीनंतर जीर्णावस्था, तर सुश्रुताच्या गणनेत सत्तरीपर्यंत मध्यम वय. आपला बासष्ट वर्षांचा रुग्ण एका संहितेत वृद्ध आणि दुसरीत मध्यमवयीन ठरतो!

प्रमेहाच्या बाबतीत तर संदिग्धता मुळीच नाही. चरकाने प्रमेहचिकित्सेत विविध प्रकारचे व्यायाम, उद्वर्तन, स्नान व जलावसेक एकाच ओघात सांगितले आहेत. सुश्रुताने तर निर्धन प्रमेह्याला छत्री-पादत्राणांविना शंभर योजने चालावयास किंवा विहीर खणावयास सांगितले. गुडघे झिजलेल्या आजीबाईंना यांतले काय सांगावयाचे? तत्त्व घ्यावे, प्रकार बदलावा, एवढाच मार्ग उरतो.

पाण्यातील चेष्टेचा चिकित्सार्थ स्पष्ट निर्देश मिळतो तो ऊरुस्तंभात. जेथे स्नेहन व शोधन दोन्ही निषिद्ध, त्या व्याधीत चरकाने शीतजल नदीत प्रवाहाविरुद्ध पोहणे आणि स्थिर, निर्मळ सरोवरात पुनःपुन्हा पोहणे सांगितले आहे. कफ शुष्क झाला की ऊरुग्रह शमतो, अशी त्याची उपपत्ती. हा संदर्भ मोलाचा आहे. तथापि त्यावरून ‘हे सर्व आमच्याकडे होतेच’ असा डांगोरा पिटण्याची सवय आपण सोडावी. तो एका व्याधीतील एका अवस्थेचा उपक्रम आहे. आजचा जलव्यायाम ही वेगळी वस्तू आहे, ती आधुनिक पुनर्वसनशास्त्रात विकसित झाली, हे मान्य करण्यात आपला कोणताही कमीपणा नाही. ‘निर्मळ’ हा शब्द मात्र ध्यानात ठेवावा. आपल्या बहुतेक नद्यांच्या शहराजवळील पात्रांची आजची अवस्था पाहता वृद्ध मधुमेह्याला नदीत उतरविणे हा अपराधच ठरेल. म्हणून क्लोरीनयुक्त, देखरेखीखालील तलाव हेच आजचे स्थान.

आता पाणी नेमके काय करते ते पाहू. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिल्यास शरीराचा साधारण निम्माच भार पायांवर येतो, छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत पाणी असता सुमारे एक तृतीयांश, आणि मानेपर्यंत असता जेमतेम दहावा हिस्सा. ऐंशी किलोच्या रुग्णाचा गुडघा छातीभर पाण्यात जवळपास सत्तावीस किलोच्या भारानेच चालतो. दुसरी गोष्ट प्रतिकाराची. पाण्यातील विरोध वेगाच्या साधारण वर्गाने वाढतो. हालचाल दुप्पट वेगाने केली की विरोध सुमारे चौपट. हात थांबला की विरोधही तत्काळ थांबतो. वजन उचलताना ते हातातून सुटण्याची भीती असते, येथे ती नाही. ज्याची जेवढी शक्ती तेवढाच त्याचा व्यायाम, असे हे साधन स्वभावतःच मात्रेचे पालन करणारे आहे. तिसरी गोष्ट पाण्याच्या दाबाची. चार फूट खोलीवर हा दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटर इतका भरतो. त्यामुळे पायांवरची सूज ओसरण्यास साहाय्य होते. आणि पडण्याचे भय, जे वृद्धांच्या हालचालीचा सर्वांत मोठा शत्रू आहे, ते पाण्यात कमी होते. मागे पाऊल टाकण्यास घाबरणारा माणूस पाण्यात सहज मागे चालतो.

पुरावा किती आहे? आपण प्रामाणिक राहावे. गुडघा व खुब्याच्या संधिवातासाठी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत १३ चाचण्या व ११९० रुग्ण यांचा विचार झाला. वेदना, कार्यक्षमता व जीवनमान यांत लाभ दिसला, पण तो अल्प व अल्पकालीन होता. आपल्या विषयाला अधिक जवळची आहे ती ऑस्ट्रेलियात झालेली व २०१३ साली प्रसिद्ध झालेली चाचणी. सी.ओ.पी.डी. नावाने ओळखल्या जाणाऱ्या श्वासरोगाबरोबरच स्थौल्य वा सांध्यांचे विकार असलेले, म्हणजे जमिनीवरचा व्यायाम ज्यांना जड जातो असे रुग्ण तीत घेतले होते. आठ आठवड्यांनंतर पाण्यात व्यायाम करणाऱ्यांची चालण्याची क्षमता जमिनीवर व्यायाम करणाऱ्यांहून अधिक सुधारली. रुग्णसंख्या पन्नाशीच्या आसपास, म्हणजे लहान. एवढ्यावरून चमत्काराची भाषा करू नये. परंतु अनेक व्याधी एकत्र असणे हे जलव्यायाम नाकारण्याचे कारण नसून कित्येकदा तो निवडण्याचे कारण असू शकते, इतके निश्चित म्हणता येते.

याच पाण्याची दुसरी बाजू न जाणता रुग्णास त्यात उतरविणे मात्र धोक्याचे आहे, आणि बी.ए.एम.एस. पदवीधराने ती पाठच करावी. मानेपर्यंत पाण्यात उतरताच पायांतील व उदरातील सुमारे ७०० मिलिलिटर रक्त छातीकडे सरकते व हृदयाचे काम वाढते. निरोगी हृदय ते सहज पेलते; ज्याला उताणे झोपता धाप लागते, ज्याच्या पायांवरची सूज वाढत चालली आहे, त्याचे हृदय पेलणार नाही. असा रुग्ण, अल्पश्रमाने वा विश्रांतीतही छातीत दुखणारा रुग्ण, अनियंत्रित रक्तदाबाचा, अपस्माराचे वेग येणारा, ज्वर असलेला आणि पायावर उघडा व्रण असलेला मधुमेही यांना पाण्यात पाठवू नये. हृद्रोगाची औषधे चालू असलेल्या प्रत्येकास त्याच्या हृद्रोगतज्ज्ञाची लेखी अनुमती आणावयास सांगावे. त्यात संकोच कसला? छातीवरच्या दाबाने श्वास घेण्याचे श्रमही वाढतात, म्हणून श्वासाच्या रुग्णास प्रथम कमरेइतक्याच पाण्यात ठेवावे व फवाऱ्याचे औषध काठावर हाताशी ठेवावयास सांगावे.

स्नानाचा निषेध सांगताना वाग्भटाने दिलेली यादी येथे आश्चर्यकारक रीतीने उपयोगी पडते : अर्दित, नेत्र-मुख-कर्णरोग, अतिसार, आध्मान, पीनस, अजीर्ण आणि नुकतेच भोजन केलेला. यातील कर्णरोग, नेत्ररोग व अतिसार हे तर कोणत्याही तरणतलावाच्या फलकावरही असतात.

पाण्यात मूत्रप्रवृत्ती वाढते, हेही लक्षात ठेवावे. मूत्रल गोळी घेणारा रुग्ण त्यामुळे दुहेरी कोरडा पडतो आणि बाहेर पडताना दाब एकदम निघून गेल्याने त्यास भोवळ येऊ शकते. म्हणून उतरण्यापूर्वी पेलाभर पाणी प्यावे, निघताना कमरेइतक्या पाण्यात दोन मिनिटे स्थिर उभे राहावे, मगच एकेक पायरी चढावी. माझ्या अनुभवात रुग्ण पाण्यात कधी डगमगले नाहीत. जे काही झाले ते पायऱ्यांवर व ओल्या फरशीवर. इन्सुलिन किंवा रक्तशर्करा उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने उपाशीपोटी जाऊ नये. हलका आहार होऊन दीड-दोन तास झालेले असावेत आणि पिशवीत खडीसाखर असावी. तळपायाची संवेदना कमी झालेल्यास रबरी तळव्याची पादत्राणे पाण्यातही घालावयास सांगावीत आणि घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करून पाय पाहावेत.

मात्रेविषयी एक गंमत सांगण्यासारखी आहे. अर्धशक्तीची जी लक्षणे ग्रंथांत सांगितली आहेत त्यांत कपाळ, नाक व काख येथे येणारा स्वेद हे महत्त्वाचे मानले जाते. पाण्यात हे लक्षण निरुपयोगी ठरते. घाम आला तरी कळणार कसा? आधुनिकांची नाडीगतीची मोजणीही येथे फसवी आहे, कारण पाण्यात नाडी जमिनीपेक्षा मंद राहते आणि बीटा-ब्लॉकर गटातील औषध चालू असेल तर ती वाढतच नाही. उरते ते सुश्रुताचे लक्षण, हृदयस्थ वायू मुखाकडे येणे, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागणे. शेजारच्याशी पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येत असेल तोवर चालू ठेवावे. तोंड उघडावे लागले की थांबावे. सांगावयास सोपे, रुग्णास समजण्यास सोपे, आणि शास्त्रसंमत.

मी सामान्यतः आठवड्यातून तीन दिवस, आरंभी दहा ते पंधरा मिनिटे इतकेच लिहितो. पुढे चालणे, मागे चालणे, कडेने चालणे. कठडा धरून टाचा उचलणे, पाय पुढे-मागे व बाजूला नेणे, खुर्चीत बसल्यासारखे अर्धे वाकणे. हात पाण्याखाली ठेवून तळव्यांनी पाणी ढकलणे. दर आठवड्यास पाच मिनिटे वाढवीत अर्ध्या तासावर स्थिर करावे. दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा आदल्या दिवसापेक्षा अधिक दुखत असेल तर मात्रा अधिक झाली असे समजावे. आमवाताच्या सामावस्थेत, सांधा उष्ण, शोथयुक्त व स्पर्शासह असताना, हे काहीही करू नये. तेथे लंघन व रूक्ष स्वेदच. संधिगत वात व आमवात यांतील भेद न करता सर्वांना एकाच तलावात पाठविणारा वैद्य शीत जलाच्या नावाने बोटे मोडण्यास पात्र नाही.

शीत जलाने वात वाढतो, या दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहेच. पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने उष्णता ओढून घेते. परदेशांतील उपचार-तलावांत पाणी ३३-३४ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवतात. आपल्याकडील उघड्या तलावांत ही सोय नाही. येथे एक विसंगती उभी राहते : शास्त्राने अर्धशक्ती व्यायाम सांगितला तो शीतकाळी व वसंतात, आणि नेमका शीतकाळीच उघडा तलाव बर्फासारखा! यावर माझा तोडगा असा. उघड्या तलावाचा व्यायाम फाल्गुनापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत आणि पुन्हा आश्विनात, सूर्य वर आल्यावर. ग्रीष्मात मात्रा कमी. हेमंत-शिशिरात घरी अभ्यंग करून, खुर्चीच्या आधाराने हेच व्यायाम जमिनीवर. पाण्यात कमावलेले बल एव्हाना तेवढ्यास पुरते. तसेही अस्थिक्षय असलेल्यांना सदासर्वकाळ पाण्यात ठेवणे योग्य नाही, कारण अस्थींना बळ येण्यास भार लागतो आणि पाणी तोच काढून घेते. अभ्यंग तलावानंतर, घरी करावा. तेल लावून तलावात उतरू देत नाहीत व तो नियम रास्त आहे.

येथवर सर्व वैद्याच्या हाती. पुढचा अडसर आपल्या हातचा नाही. महाराष्ट्रातील नगरपालिकांचे व महानगरपालिकांचे बहुसंख्य तलाव पोहणाऱ्यांसाठी बांधलेले आहेत. उथळ भाग मुलांचा, तेथे पाणी मांडीपर्यंत. पलीकडे एकदम खोल. उतरावयास लोखंडी उभी शिडी, जी सत्तर वर्षांच्या गुडघ्यांना चढता येत नाही. एका तलावावर मी माझ्या तीन रुग्ण भगिनींसाठी विचारणा केली असता ‘पोहता येत असल्याचा दाखला आणा’ असे उत्तर मिळाले. ज्यांना पोहावयाचेच नाही त्यांनी तो कोठून आणावा? स्त्रियांसाठी राखून ठेवलेली वेळ बहुधा भर दुपारची वा शाळकरी मुलींच्या शिकवणीची. आणि पोशाखाचा प्रश्न; सलवार-कुडत्यासारख्या अंगभर, नायलॉनच्या पोहण्याच्या पोशाखास अनुमती मिळाली तर निम्मा संकोच तेथेच संपतो. तालुक्याच्या गावी तर तलावच नाही, हे मला ठाऊक आहे. तेथील रुग्णास खुर्चीचा व्यायाम लिहावा, विहिरीत वा शेततळ्यात उतरण्याचे धाडस सुचवू नये.

औषधविक्रेत्या बांधवांना या सर्वांशी काय कर्तव्य, असे वाटेल. रुग्ण कोणती आधुनिक औषधे घेतो हे वैद्यापेक्षा पुष्कळदा त्यांनाच अधिक ठाऊक असते. मूत्रल, बीटा-ब्लॉकर आणि इन्सुलिन ही तीन नावे दिसली आणि चिकित्सापत्रात जलव्यायाम असला, तर ‘वैद्यांना या गोळ्या दाखविल्यात का?’ एवढे एक वाक्य त्यांनी विचारावे. त्याने एखादा अपघात टळू शकतो. सांधेदुखीच्या तेलाची तिसरी बाटली नेणाऱ्या रुग्णास चौथी देण्यापूर्वी वैद्यांकडे पुन्हा पाठविणे व्यवसायास मारक आहे असे मला वाटत नाही. त्या रुग्णाचे संपूर्ण कुटुंब दुकानाशी जोडले जाते, असाच अनुभव आहे.

संघटनेच्या जिल्हा शाखांनी आपापल्या पालिकेकडे मागणी करावी ती लहान असावी, म्हणजे नाकारणे कठीण जाईल. आठवड्यातून तीन दिवस सकाळी नऊ ते दहा हा एक तास ज्येष्ठांसाठी; साडेतीन ते चार फूट खोलीचा पट्टा दोरीने वेगळा केलेला; एका बाजूस दोन्हीकडे कठडा असलेल्या रुंद पायऱ्या, आणि त्या होईपर्यंत काठावर पक्की बसवलेली तात्पुरती जिना-चौकट; पाण्याकडे तोंड करून उभा असलेला एक जीवरक्षक. पोहण्याच्या दाखल्याऐवजी नोंदणीकृत चिकित्सकाचे योग्यता-प्रमाणपत्र ग्राह्य धरावे. या प्रमाणपत्राचा नमुना, वर सांगितलेल्या निषेधांसह, एका पानात बसतो. तो मी तयार केला असून ज्या शाखेस हवा तिने संपादकांमार्फत मागवावा. उन्हाळी हंगामाच्या वेळा पालिका बहुधा माघ-फाल्गुनात ठरवितात, तेव्हा अर्ज त्याआधी गेलेला बरा.